पोटानं की छातीनं?

बंगळूरमध्ये श्वासाबद्दल स्वतःचं मत नसलेला माणूस मला अजून भेटायचाय. गल्लीगल्लीत योगवर्ग आहेत, लालबागेत पहाटे अनुलोम-विलोम करणारी मंडळी आहेत, आयटी कंपन्यांत दुपारी दहा मिनिटं दीर्घश्वसनाची असतात. त्यामुळे छातीच्या फिजिओथेरपीसाठी माझ्याकडे पाठवलेला पेशंट खुर्चीत टेकतो न टेकतो तोच प्रात्यक्षिक सुरू करतो. एक हात पोटावर, डोळे मिटलेले, आणि पोट जमेल तितकं पुढे. "मॅडम, मी छातीनं नाही, पोटानंच श्वास घेतो." कोणी कन्नडमध्ये सांगतं, कोणी तमिळ, हिंदी, इंग्रजीत. चिकपेट-कॉटनपेटकडची जुनी भावसार किंवा नामदेव शिंपी मंडळी आली तर कानडी हेलाच्या मराठीत. वाक्य मात्र तेच.

मी काही बोलत नाही. मागे जाऊन उभी राहते, हात चोळून ऊब आणते आणि दोन्ही तळवे खालच्या बरगड्यांवर दोन बाजूंनी ठेवते. बोटं पसरलेली, अंगठे पाठीच्या कण्यापाशी एकमेकांना टेकलेले. "उसिरु तगोळ्ळी," श्वास घ्या. निरोगी माणसात दोन्ही अंगठे एकाच वेळी, सारख्याच अंतरानं एकमेकांपासून लांब जातात. "निधानक्के बिडी," सावकाश सोडा. ते परत जवळ येतात. एका बाजूचा अंगठा मागे रेंगाळला तर त्या बाजूला पाणी भरलंय, न्यूमोनिया आहे, किंवा जुन्या क्षयानं फुफ्फुस आक्रसलंय, अशी शंका एक्स-रे बघण्याआधीच येते. आणि पोट फुगवण्यात तरबेज झालेल्या माणसात पुष्कळदा दोन्ही अंगठे जागच्या जागीच राहतात. पुढून पोट जोरात, मागून सगळं ठप्प.

मी मूळची बेळगावची, त्यामुळे कानडीची अडचण नव्हती. या शहरात आल्यापासून माझे हात सतत कोणाच्या ना कोणाच्या बरगड्यांवर आहेत. या कामानं माझं एक मत पक्कं झालंय: पोटानं की छातीनं, हा वादच खोटा आहे.

आधी पिंजऱ्याबद्दल. बरगड्यांच्या बारा जोड्या. मागे सगळ्या मणक्यांना सांध्यांनी जोडलेल्या. पुढे वरच्या सात जोड्या कूर्चेनं थेट छातीच्या मधल्या हाडाला, त्याखालच्या तीन वरच्या बरगडीच्या कूर्चेला, आणि शेवटच्या दोन मोकळ्या. पिंजरा म्हटलं की डोळ्यांपुढे ताठ काहीतरी येतं, पण प्रत्येक बरगडी मागच्या सांध्यावर फिरते. पुस्तकात याला दोन नावं आहेत. वरच्या बरगड्या हातपंपाच्या दांड्यासारख्या, म्हणजे पुढचं टोक वर उचललं जातं आणि छाती पुढे येते. खालच्या बरगड्या बादलीच्या कडीसारख्या, म्हणजे मधला भाग वर आणि बाहेर जातो आणि छाती रुंदावते. स्नायूंपेक्षा सांध्याच्या आसाची दिशा हा फरक ठरवते. वर तो आस जवळजवळ आडवा, डावीकडून उजवीकडे असतो. खाली येताना तो मागे वळत जातो.

बरगड्यांमधल्या स्नायूंच्या दोन थरांपैकी कोण श्वास आत घेतो आणि कोण सोडतो, यावर अठराव्या शतकात हांबर्गर आणि हालर या दोन पंडितांचं कडाक्याचं भांडण झालं. हालर म्हणायचा, दोन्ही थर उचलणारेच. हांबर्गरनं भूमितीनं दाखवलं की बाहेरचा थर बरगड्या उचलतो आणि आतला खाली ओढतो, फक्त पुढे कूर्चेपाशी असलेला आतला भाग उचलतो. पुढे स्नायूंतली वीज मोजता आली तेव्हा पारडं बरंचसं हांबर्गरकडे झुकलं.

पण खरा कर्ता श्वासपटल. छाती आणि पोट यांच्यामधला हा घुमटाकार स्नायू शांत श्वासात दीड-दोन सेंटिमीटर खाली येतो, मोठ्या श्वासात त्याच्या कितीतरी पट. तो खाली येतो म्हणून पोट पुढे येतं; इथपर्यंत योगवर्गातली मंडळी बरोबर आहेत. पुढचा भाग कोणी सांगत नाही. या घुमटाच्या कडा खालच्या बरगड्यांच्या आतल्या बाजूला चिकटून उभ्या असतात. घुमट खाली दाबला की पोटातले अवयव त्याला अडतात. त्या आधारावर त्याचे तंतू खालच्या बरगड्या वर उचलतात, आणि पोटातला वाढलेला दाब त्याच बरगड्यांना आतून बाहेर ढकलतो. म्हणजे छातीच्या खालच्या भागाचं रुंदावणं हे पोटाच्या श्वासाचंच काम आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये द्युशेननं प्राण्यांवर पाहिलं होतं की पोटातले अवयव काढून टाकले आणि श्वासपटल आकुंचन पावलं, तर खालच्या बरगड्या बाहेर न जाता आत ओढल्या जातात. पोटाचा अडसर नसेल तर बरगड्या उघडत नाहीत. जो मुद्दाम पोट सैल सोडून पुढे ढकलतो, त्याचे अंगठे का हलत नाहीत याचं उत्तर इथे आहे.

हे मला पुस्तकात कळलं होतं; पटलं ते एका पोरामुळे. यादगीरकडचा, बांधकामावरच्या परांचीवरून पडलेला, मानेचा मणका मोडलेला. या शहरातल्या उंच इमारती उत्तर कर्नाटकातल्या अशा पोरांनी उभ्या केल्यात, आणि अतिदक्षता विभागात त्यांच्यातलं कोणी ना कोणी असतंच. श्वासपटलाची नस मानेच्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या मज्जामुळांतून निघते. पोराची इजा या मुळांच्या खाली होती, म्हणून श्वासपटल शाबूत. बरगड्यांमधल्या स्नायूंच्या नसा छातीच्या मणक्यांमधून निघतात, आणि ते सगळे गेले होते. श्वास घेताना त्याचं पोट वर यायचं आणि त्याच क्षणी वरची छाती आत बसायची. ज्या शुद्ध पोटाच्या श्वासासाठी लोक पैसे भरून शिबिरं करतात, तो या पोराकडे होता. त्याला एक वाक्य दोन दमांत बोलावं लागायचं, आणि खोकला तर फुंकरीइतकाच.

त्याच्या आईला वाटायचं, पोराला बसवलं की बरं वाटेल. दम लागलेल्या माणसाला उशा लावून बसवायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि हृदयाच्या पेशंटला ते लागू पडतंही. याला बसवलं की धाप लागायची. सपाट झोपवलं की तोंडावर तरतरी यायची. बसल्यावर पोटाची लुळी भिंत पुढे लोंबायची, अवयव खाली उतरायचे, घुमट सपाट व्हायचा. ना वर-खाली व्हायला जागा, ना बरगड्या उघडायला आधार. झोपल्यावर तेच अवयव घुमटाला खालून वर रेटायचे. उपाय साधा होता, रुंद पोटपट्टा. कमरेच्या हाडापासून बरगड्यांच्या खालपर्यंत, बरगड्यांवर मुळीच नाही. पट्टा आणला तेव्हा त्याचा भाऊ माझ्यावर उखडला. आधीच श्वास पुरत नाही, वर पोट आवळायचं? मी त्याचेच हात धरून भावाच्या खालच्या बरगड्यांवर ठेवले. आधी बिनपट्ट्याचा श्वास, मग पट्ट्याचा. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून पट्टा तोच बांधायला लागला, आणि परिचारिकेनं बांधला तर सोडून पुन्हा नीट बांधायचा.

चिकपेटच्या बोळात शर्ट-पँट शिवणारे एक शिंपीमामा मात्र माझ्याकडे आले ते स्वतःचं अर्धं निदान करूनच. उमेदीची सगळी वर्षं बिडी ओढलेली. मी टेपनं छाती मोजायला लागले. पूर्ण श्वास सोडून एकदा, भरून घेऊन एकदा. मामांनी मला थांबवलं. "मागनं टेप उतरलाय, ताई. आधी वर घ्या, मग वाचा." आणि खरंच, पाठीवर टेप बोटभर खाली घसरला होता. सरळ करून मोजलं तर श्वास सोडल्यावरचं आणि घेतल्यावरचं माप जवळजवळ एकच. चांगल्या छातीत हा फरक साधारण पाच सेंटिमीटर असतो; अडीचपेक्षा कमी आला की आम्ही सावध होतो.

हा पाच सेंटिमीटरचा आकडा बेळगावच्या पोरांना आम्हां फिजिओंच्याही आधी कळतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र गावात असल्यानं भरतीचं वारं तिथे बारमाही असतं, आणि भरतीत छाती पाच सेंटिमीटर फुगवून दाखवावी लागते. माझा चुलतभाऊ आरशासमोर टेप घेऊन तासन् तास उभा असायचा. पण घेर पाच सेंटिमीटर वाढला म्हणजे किती वाढला? छाती गोल धरली तर त्रिज्या वाढते आठ मिलिमीटरच्या आसपास. सैनिक व्हायला लागणारी सगळी छाती एवढ्याशा हालचालीची. शांत बसून वाचणाऱ्या माणसाची हालचाल त्याहूनही कितीतरी कमी असते, आणि त्यात दर श्वासाला अर्धा लिटरच्या आसपास हवा आत येते. अशा हालचालीला टेप अपुरा पडतो, हात लागतो.

मामांकडे परत. त्यांच्या मापांच्या वहीत एक पान स्वतःचं होतं. कॉलर, बाही, कंबर वर्षागणिक उतरत गेलेली आणि छाती मात्र छत्तीसवरून अडतीस इंचांवर चढलेली. गळ्यात कॉलर ढिली, छातीवर बटणं ताणलेली. त्यांना आधी वाटलं होतं, अंगात भरतंय. मग वजनकाट्यानं उलट सांगितलं, तेव्हा ते डॉक्टरांकडे गेले.

त्यांच्या फुफ्फुसांचा लवचिकपणा गेला होता. आत गेलेली हवा पुरती बाहेर पडत नव्हती, थोडी थोडी साठत होती. त्यामुळे बरगड्या कायमच्या श्वास घेतलेल्या स्थितीत अडकल्या. एरवी बरगड्या मागून पुढे उतरत्या असतात, म्हणून त्यांना वर उचलायला वाव असतो. मामांच्या आडव्या झाल्या होत्या. श्वासपटलही दबून सपाट. सपाट श्वासपटल आकुंचन पावलं की ते बरगड्यांना उचलत नाही, सरळ आत खेचतं. मामांच्या मागे उभी राहिले तर श्वास घेताना माझे हात एकमेकांकडे येत होते. अमेरिकेतल्या हूवर नावाच्या डॉक्टरांनी १९२०च्या सुमारास हे लक्षण नोंदवलं, त्यांच्याच नावानं ते ओळखलं जातं. कसलंही यंत्र लागत नाही, डोळे आणि हात पुरतात. तरी आजकाल ते फार थोडे जण बघतात, याची मला चीड येते.

अशा माणसाला "मोठा श्वास घ्या" सांगणं म्हणजे छळ आहे. आत आधीच जागा नाही. त्याला सोडायला शिकवायचं. ओठांचा चंबू करून, गालांत जोर न आणता, घेतलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ सावकाश फुंकत राहायचं. मामांनी एक गोष्ट आपली आपण शोधून काढली होती. दम लागला की ते कापायच्या टेबलावर दोन्ही कोपरं टेकून वाकून उभे राहत. गिऱ्हाइकाला वाटे, मामा कापडाचा विचार करतायत. हात टेकून स्थिर झाले की छातीचे जे स्नायू एरवी हात हलवतात ते उलटे बरगड्या उचलायच्या कामी येतात, आणि पुढे वाकल्यानं पोट घुमटाला वर रेटतं. यादगीरच्या पोराचा पट्टा आणि मामांचं टेबल, दोन्हींत पोटाचाच आधार. हात वर करून हँगर टांगताना मामा सर्वांत जास्त धापायचे, कारण तेव्हा तेच स्नायू हाताच्या कामाला जुंपलेले असतात. दुकानातली दांडी छातीच्या उंचीवर आणा, एवढं सांगितलं. माझ्या सगळ्या व्यायामांपेक्षा त्यांना त्या दांडीचं कौतुक जास्त वाटलं.

शस्त्रक्रिया झालेल्या घरांत आणखी एक वस्तू हमखास दिसते, तीन गोळ्यांचं प्लॅस्टिकचं यंत्र. नळीतून हवा ओढली की गोळ्या वर जातात. त्यावर ६००, ९००, १२०० असे आकडे असतात. सेकंदाला किती मिलिलिटर वेगानं हवा आत जातेय ते. निम्मे लोक त्यात फुंकतात, ते समजावता येतं. कठीण असतात ते चुरशीनं तिन्ही गोळ्या उडवणारे. खांदे कानापर्यंत, मानेच्या शिरा ताठ, एक झटका, तिन्ही गोळ्या वर, नातेवाईक खूश. आणि टाके घातलेल्या बाजूच्या खालच्या बरगड्या दुखतात म्हणून तशाच गप्प. नेमक्या तिथेच फुफ्फुस मिटलेलं असतं आणि कफ साचतो. मी त्यांना एकच गोळी सावकाश उचलायला आणि ती तरंगत ठेवायला सांगते, हात दुखऱ्या बाजूवर धरून. त्यांना हा आपला अपमान वाटतो. आकडा उतरतो ना!

योगवाल्यांशी माझं वैर आहे असा समज व्हायला नको. पलंगावर पाठीखाली कण्याच्या रेषेत लोड ठेवून झोपायची पद्धत मी कित्येक पेशंटना शिकवते. योगाचार्य अय्यंगारांच्या पद्धतीत शिकलेल्यांना ती ठाऊक असते. अय्यंगार पुण्याचे झाले, पण त्यांचा जन्म इथूनच जवळ, कोलार जिल्ह्यातल्या बेळ्ळूरचा. लोडामुळे बरगड्यांना दोन्ही बाजूंना पसरायला जागा मिळते आणि पोट ढकलायचा मोह होत नाही.

आणि पोट-छातीचा वाद ज्याला खरोखर मिटवायचाय त्यानं उड्डियान बंध बघावा. मल्लेश्वरमचे एक निवृत्त इंजिनिअर माझ्याशी वाद घालता घालता उठले आणि करूनच दाखवला. गुडघ्यांवर हात टेकून वाकले, श्वास पुरता बाहेर टाकला, घसा बंद ठेवला आणि श्वास घेतल्यासारख्या बरगड्या उघडल्या. हवा आत येत नव्हती. बरगड्या उघडल्या म्हणून छातीत दाब कमी झाला, सैल श्वासपटल वर खेचलं गेलं आणि पोट पाठीला लागलं. लोणावळ्याच्या कैवल्यधामचे स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी विसाच्या दशकात हेच एक्स-रेखाली पाहिलं आणि दाब मोजले. उड्डियानाच्याच पुढच्या पायरीत, नौलीत, पोटात तयार होणाऱ्या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंच्या नावावरून माधवदास व्हॅक्यूम म्हटलं आणि १९२४ साली सुरू केलेल्या 'योगमीमांसे'त हे प्रयोग छापले. बरगड्या पूर्ण उघड्या आणि पोट पूर्ण आत, एकाच क्षणी. इंजिनिअरांना विचारलं, "आता सांगा, हे पोटाचं काम की छातीचं?" ते म्हणाले, "सिस्टिमचं." रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी हे करून बघू नये, हे त्यांच्या देखत बाकीच्यांना सांगावं लागलं, खोलीतले दोघे कंबर वाकवून तयारच होते.

सगळ्यांत जास्त वेळा हात ठेवावा लागतो तो तान्ह्या मुलांवर, आणि तिथे हा गैरसमज महागात पडू शकतो. तान्ह्याच्या बरगड्या जवळजवळ आडव्याच असतात, मामांच्यासारख्या, पण निरोगी. मूल उभं राहून चालायला लागलं की दोनेक वर्षांत त्या उतरत्या होतात. तोवर कडी उचलायला वावच नसतो, म्हणून बाळाचं पोट जोरात वर-खाली होतं. आया घाबरतात ते या पोटाला. आणि खरी भीतीची खूण शेजारीच असते, ती दिसत नाही. बाळाच्या बरगड्या मऊ असतात. फुफ्फुसात न्यूमोनियानं ताठरपणा आला की जोर लावलेल्या श्वासात छातीची खालची कड आत खेचली जाते.

आमच्या इमारतीच्या वॉचमनची बायको, कलबुर्गीकडची, पोर घेऊन दाराशी आली होती. पोर नऊ महिन्यांचं, छातीला बाम चोपडलेला, वर दोन स्वेटर. मी म्हटलं, "आधी झबलं वर कर." पोर रडत नसताना, पीत नसताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतलं मूल असेल तर साठ, वर्षाच्या आतलं असेल तर पन्नास, पाच वर्षांपर्यंत चाळीस; तेवढे किंवा त्याहून जास्त भरले तर दवाखाना. तिला मोजता येत नव्हतं, मोबाइलचं घड्याळही नीट वाचता येत नव्हतं. मग तिचा हात धरून पोराच्या बरगड्यांच्या खालच्या कडेवर ठेवला. "पोट वर येतंय ना? येऊ दे. ही कड श्वास घेताना आत जातेय का, तेवढं बघ." ती जात होती. रात्रीचे अकरा वाजले होते. रिक्षा मिळेना, म्हणून समोरच्या बिऱ्हाडातल्या पोराला गाडी काढायला लावली. स्वेटर काढून ठेवलेला तिथेच राहिला, आणि बामची बाटली तेवढी तिनं हातात घट्ट धरली होती. वाटेत मी ती काढून घेतली आणि तिचा हात पुन्हा बरगड्यांवर ठेवला. दवाखान्याच्या दारात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय झालंय. तिनं झबलं वर केलं आणि बोट ठेवून दाखवलं.